वांगी रंगाचे झाड

नगरच्या कापड बाजारात ज्यांना लहानथोर सगळेच ‘भाऊ’ म्हणत, त्यांच्या दुकानाचा लौकिक मालापेक्षा नजरेवर उभा होता. गिऱ्हाइकाने साडीचा पदर पुढे करावा, भाऊंनी तो चिमटीत धरून एकदाच पाहावा, आणि मागच्या फळ्यांवर रचलेल्या टू बाय टू रुबियाच्या शेकडो ताग्यांतून नेमका एक तागा खाली यावा, असा तिथला शिरस्ता. इतर दुकानांतला पोऱ्या कापड घेऊन उन्हात पळे. भाऊंच्या दुकानात ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग घरच्या अंगणात नेला तरी जुळलेलाच निघे. रंगांना ते गिरणीच्या क्रमांकांनी ओळखत नसत. डाळिंबी, आमसुली, अंजिरी, चिंतामणी, रामा, मोरपंखी, श्रीखंडी, मोतिया, अबोली, कुसुंबी, वांगी ही त्यांची बाराखडी. अंजिरी आणि आमसुली यांत फरक काय, असे एखाद्या नव्या नोकराने विचारलेच तर ते दोन्ही तागे त्याच्या पुढ्यात टाकत आणि म्हणत, “दिसत नसेल तर सांगून कळायचं नाही.”

हे वाक्य पुढे त्यांच्यावरच उलटायचे होते.

तीन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत एक निवृत्त शिक्षिका दुकानात आल्या. मुलीच्या लग्नात नेसण्यासाठी त्यांनी वांगी रंगाची नारायणपेठी घेतली होती. तिला ब्लाउजपीस हवा होता. भाऊंनी नेहमीप्रमाणे पदर पाहिला, तागा उतरवला, कापड फाडले, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या. “भाऊ, हा कॉफी आहे. माझी साडी वांगी आहे.” भाऊंनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्यांना फरक दिसेना. दुकान गच्च भरले होते, तीन पिढ्यांची गिऱ्हाइके गादीवर बसली होती. भाऊ म्हणाले, “बाई, चाळीस वर्षं रंग विकतोय. तुमच्या साडीचाच रंग उतरला असेल.” साडी कोरी होती. घडीही मोडलेली नव्हती. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, कापडाचा तुकडा गल्ल्यावर ठेवला आणि पैसे न मागता त्या पायऱ्या उतरल्या.

मागे उभा असलेला पुतण्या काही बोलला नाही. त्याला दोन्ही रंग दिसत होते.

त्यानंतर तो मुलगा भाऊंनी फाडलेला प्रत्येक तुकडा कागदात बांधण्याच्या निमित्ताने दाराशी नेऊ लागला. कधी तो हळूच बदलून आणी. वर्षभर हे चालले. एकदा समोरच्या भिंतीवरच्या आरशात भाऊंना ते दिसले, आणि त्या दिवसापासून त्यांनी गल्ला सोडून उधारीच्या वह्यांचे काम स्वतःकडे घेतले. कोणी कारण विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. कापड बाजारात अशा गोष्टी सगळ्यांना कळतात आणि कोणी बोलत नाही.

डॉक्टरांनी सांगितले ते साधे होते. मोतीबिंदूमुळे डोळ्यातले भिंग वर्षानुवर्षे पिवळे, मग तपकिरी होत जाते. प्रकाशातला निळा आणि जांभळा भाग ते अडवून धरते. त्यामुळे गडद निळा काळ्यासारखा दिसतो, जांभळा तपकिरीकडे झुकतो, पांढऱ्यावर मोतिया छटा चढते. हे इतके हळूहळू घडते की रोग्याला आपले काही हरवले आहे याचा पत्ताच लागत नाही. जग पहिल्यापासून असेच होते असे त्याला वाटते. 2024 च्या अक्षय्य तृतीयेनंतर भाऊंच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डाव्याची तारीख त्यांनी चातुर्मास आणि दिवाळीच्या पलीकडे ढकलली. पट्टी सुटल्यावर त्यांनी पहिल्यांदा भाभींच्या अंगावरची साडी पाहिली आणि विचारले, “ही मोरपंखी केव्हापासून?” भाभी म्हणाल्या, “घेतली त्या दिवसापासून.”

डोळा बरा झाला, पण भाऊ गल्ल्यावर परतले नाहीत. संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर त्यांनी स्थानकात सगळ्यांना हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले, गावोगावच्या व्यापाऱ्यांना फोन केले, मोबाइलवरून शेकडो संदेश गेले. बिलबुकात त्या शिक्षिकेचा क्रमांक होता. तेवढा एक संदेश गेला नाही. भाभींना हे ठाऊक होते, कारण संदेश पाठवताना नावे त्याच वाचून दाखवत होत्या आणि त्या नावाशी भाऊ म्हणाले होते, “पुढचं वाच.” आपण चुकलो असू, एवढे त्यांना कळत होते. चुकलोच, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कबूल करायला त्यांचे व्यापारी मन तयार नव्हते. आणि पाहणार कसे? ती साडी तर गेली होती.

त्यांची मुलगी न्यू जर्सीत एडिसनला असते. दरवर्षी ती उन्हाळ्यात बोलावी. या खेपेला तिने हट्टाने ऑक्टोबर सांगितला. पानांचे रंग पाहायला या, म्हणाली. भाऊंना ते हास्यास्पद वाटले. पानगळ पाहायला सात समुद्र कशाला ओलांडायचे? ती फाल्गुनात बाजाराच्या टोकाशी पिंपळाखाली फुकट मिळते.

पण त्या दोन पानगळी सारख्या नाहीत. दख्खनमधली झाडे पाने टाकतात ती थंडीने नव्हे, कोरडेपणाने. पावसाचा ओलावा शिशिराअखेर संपत आला की साग, सावर, पळस आपली पाने उतरवून बाष्पाचा खर्च थांबवतात. पाने पिवळी-तपकिरी होतात आणि खळखळत पडतात. त्यात लालीचा सोहळा सहसा नसतो. आपल्याकडे लाल रंग असतो तो जन्माच्या वेळी. पिंपळाची, आंब्याची, विशेषतः कुसुमाची कोवळी पालवी चैत्राच्या आसपास तांबडीलाल फुटते आणि मग हिरवी होते. तिकडे उलट आहे: हिरवे आयुष्य काढून झाल्यावर पान जाताना लाल होते. आणि तेही शिशिरात नव्हे, शरदातच.

मुलीने मुहूर्ताचे गणित समजावले तेव्हा मात्र भाऊ कान देऊन ऐकू लागले, कारण ते लग्नसराईच्या गणितासारखे निघाले. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरावरून खाली उतरत येतात. न्यू जर्सीच्या वायव्येकडील डोंगराळ भागात, डेलावेअर नदीच्या काठच्या जंगलात, ऐन बहर साधारणपणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो. एडिसनसारख्या मधल्या पट्ट्यात तो महिनाअखेरीस पोहोचतो, आणि दक्षिणेकडे, समुद्राकाठी नोव्हेंबर उजाडतो. एका जागी पूर्ण बहर टिकतो आठवडा, फार तर दहा दिवस. दिवस आखूड होण्याचे वेळापत्रक ठरलेले असते, त्यामुळे हंगाम चुकत नाही. परंतु माल कसा येईल हे हवामान ठरवते. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गोठणार नाही इतपत गारठा असेल तर लाल चढतो. ढगाळ, उबदार शरद असेल तर रंग फिके पडतात. कडाक्याचे हिम लवकर पडले तर पाने करपतात, आणि एका वादळी पावसात सगळा बाजार एका रात्रीत उठतो.

“म्हणजे तारीख आधी ठरवायची नाही, पण तिकीट आधी काढायचं,” भाऊ म्हणाले. “हे आमच्या धंद्यासारखंच झालं.”

त्या वर्षी घोर पावसाने नव्हे, अवर्षणाने लागला. 2024 चा ऑक्टोबर न्यू जर्सीच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑक्टोबर ठरला. राज्याच्या बऱ्याच भागांत महिनाभर मोजण्याइतका पाऊसच झाला नाही. ऊन लखलखीत, रात्री गार, म्हणजे लालीला अनुकूल. पण तहानलेली झाडे पाने वेळेआधी टाकून मोकळी होतात, म्हणजे हंगाम लवकर आटोपण्याची भीती. जावई रोज संध्याकाळी राज्याचा पर्णरंगांचा नकाशा उघडून बसू लागले. वायव्येचा कोपरा हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी होत चालला होता.

आणि इकडे भाभींची आश्विन ओळी सुरू होती. नऊ दिवस आयंबिल: एकदाच बसून, तूप-तेल-दूध-दही-साखर नसलेले लुखे अन्न. पौर्णिमा 17 ऑक्टोबरला, पारणे 18 ला. त्याआधी घराबाहेर दिवस काढायचा नाही, असे त्यांनी सांगितले. मुलगी काळजीत पडली. 12 तारखेचा शनिवार उत्तम होता. भाभी म्हणाल्या, “पानं थांबतील तर थांबतील. नाही तर पडलेली पाहू.” त्यावर वाद घालण्याची सोय नव्हती.

मुक्काम 24 तारखेपर्यंतच होता. दिवाळीच्या वहीपूजनाला भाऊंना नगरला पोहोचायचे होते. हाती उरला 19 तारखेचा एक शनिवार.

त्या दिवसांत तिकडे सूर्य सातनंतर उगवतो. मंडळी काळोखातच निघाली. नवकारसी वाटेत यायची होती म्हणून पोटात काही नव्हते. मेथीचे ठेपले, खाकरे, भाभींसाठी मुगाची खिचडी आणि उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या पायाशी. हमरस्ता क्रमांक 80 पश्चिमेकडे जातो तसतसा प्रदेश उंच होतो, आणि सव्वा-दीड तासाने समोर एक नवल उभे राहते: किटाटिनी नावाची लांबलचक डोंगररांग नदीने आरपार कापली आहे. अलीकडे न्यू जर्सीचा माउंट टॅमनी, पलीकडे पेनसिल्व्हेनियाचा माउंट मिन्सी, मधून डेलावेअर. या खिंडीवरून सभोवतालच्या संरक्षित वनाला ‘डेलावेअर वॉटर गॅप’ म्हणतात. नदीच्या दोन्ही काठांनी सुमारे 40 मैल ते पसरले आहे. बहरातल्या शनिवारी टॅमनीच्या पायथ्याची गाड्यांची जागा सकाळीच भरून जाते, म्हणून लवकर पोहोचण्याचा आग्रह. तो योग्यच होता. आठच्या सुमारास तिथे गिर्यारोहकांची रीघ लागलेली होती.

यांना डोंगर चढायचा नव्हता. नदीकाठच्या जुन्या ‘ओल्ड माइन रोड’ने गाडी आत वळली. हा रस्ता एके ठिकाणी इतका अरुंद आहे की सिग्नल लावून एका वेळी एकाच बाजूची वाहने सोडतात. त्या सिग्नलला थांबले असताना ऊन डोंगराच्या कडेवरून खाली उतरले आणि रस्त्यावरची झाडे पेटल्यासारखी उजळली. सकाळचे तिरपे ऊन पानांच्या पाठीमागून आले की रंग दुप्पट होतो. दुपारी डोक्यावरून आलेल्या उन्हात तेच झाड साधे दिसते. भाऊंनी काच खाली केली आणि मुलीशी, जावयाशी काही न बोलता मोजणी सुरू केली. हिकरीची झाडे हळदी. बर्च लिंबोणी. शुगर मेपल शेंड्याशी शेंदरी, खाली केशरी. रेड मेपलचा बहर ओसरत आलेला, तरी जे उरले होते ते किरमिजी. टुपेलो डाळिंबी. ओक अजून अर्धे हिरवे, अर्धे बदामी. ते सगळ्यांच्या मागून रंगतात आणि त्यांचा रंग तांबूस-तपकिरी, मातट असतो. बीचची पाने तांब्याच्या भांड्यासारखी, आणि यांची एक खोड अशी की वाळून कागद झाली तरी लहान झाडांवर ती वसंतापर्यंत चिकटून राहतात. “असे काही व्यापारी असतात,” भाऊ म्हणाले. मुलीने मागे वळून पाहिले, पण ते हसत नव्हते.

जावई औषधांच्या कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी कारणमीमांसा सांगितली, आणि ती भाऊंनी आपल्या भाषेत करून घेतली. दिवस आखूड होऊ लागले की झाड पानातले हरितद्रव्य मोडीत काढते आणि त्यातले नत्र, तसेच स्फुरद, यांचा बराचसा भाग फांद्यांत-मुळांत परत ओढून घेते. ही वसुली. हिरवा उतरला की पिवळा उघडा पडतो. तो नवीन नसतो, उन्हाळाभर हिरव्याखाली झाकलेलाच होता. हा जुना साठा. देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो, पान तिथून सुटते आणि जखम आधीच बुजलेली असते. हा हिशेब मिटवणे. इथपर्यंत भाऊंना सगळे पटले. पण लाल? लाल रंग या शेवटच्या दिवसांत पानात नव्याने तयार होतो, साखरेपासून, खर्च करून. “दुकान बंद करायच्या आठवड्यात नवा माल कोण भरतो?” त्यांनी विचारले. जावयांनी प्रामाणिकपणे सांगितले की शास्त्रज्ञांत यावर अजून एकमत नाही. एक मत असे की हरितद्रव्य कमी झालेल्या पानाला ऊन सोसत नाही, आणि वसुली पुरी होईपर्यंत लाल रंग त्याच्यावर सावली धरतो. भाऊ थोडा वेळ विचार करत राहिले. “म्हणजे ताडपत्री,” म्हणाले.

नदीकाठच्या एका मोकळ्या जागेत गाडी थांबली. नवकारसीची वेळ उलटली होती, खाणे झाले. आठ वर्षांची नात एका लालभडक वेलीकडे धावली तेव्हा जावयांनी तिला ओरडून मागे ओढले. झाडाच्या बुंध्यावर चढलेली ती तीन-तीन पानांची वेल म्हणजे पॉयझन आयव्ही, शरदात मेपलइतकीच सुंदर लाल होते आणि हात लावला तर अंगावर फोड उठतात. मग ती दुसऱ्या एका झाडाची फांदी वाकवू लागली. या वेळी भाभी म्हणाल्या, “तोडू नकोस गं, अजून जोडलेलं आहे. खालचं घे.” मुलगी पाठशाळेला जाते. जांभळाच्या झाडाखालच्या सहा भुकेल्या माणसांचे ते चित्र, मुळावर कुऱ्हाड घालणाऱ्यापासून केवळ पडलेली फळे वेचणाऱ्यापर्यंत, तिच्या वहीतही होते. “मी शुक्ल लेश्या, नानीजी,” असे म्हणून ती खाली बसली. खाली तर खजिनाच पडला होता.

भाभींनी हिरवळ टाळून एका बाकावर आसन घातले, पुंजणीने जागा पुंजली, मुहपत्ती बांधली आणि सामायिक घेतले. पुढची अठ्ठेचाळीस मिनिटे त्यांच्याशी संसाराचा शब्द बोलायचा नाही. उत्तराध्ययनाचे वाचन त्या दरवर्षी दिवाळीपूर्वी करतात. त्यातल्या दहाव्या अध्ययनाचे नाव ‘द्रुमपत्रक’. पिकून गळणाऱ्या झाडाच्या पानाचा दाखला देऊन भगवान महावीरांनी गौतमस्वामींना क्षणभरही प्रमाद करू नकोस असे ज्यात परोपरीने बजावले आहे, ते हेच. भाभी ते मनात म्हणत होत्या की नवकार, कोण जाणे. पाने त्यांच्या पदरावर, आसनावर पडत होती आणि त्या ती तशीच राहू देत होत्या.

भाऊ काठाकाठाने चालत गेले. वनाच्या कडेला, उंच झाडांच्या सावलीत एक ठेंगणे झाड होते. जावयांनी नाव सांगितले, डॉगवुड. बारीक तांबड्या फळांचे झुबके, आणि पाने इतर कोणासारखी नव्हती: लाल नव्हती, तपकिरी नव्हती. गडद, किंचित निळसर झाक असलेली, कोवळ्या वांग्याच्या सालीवर असते तशी.

भाऊ उभे राहिले. मग त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात धरला.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया व्हायची होती. त्या डोळ्याने पाहिलेले रान जुन्या छायाचित्रासारखे होते. हिकरी आणि मेपल यांत फारसा भेद नव्हता, सगळ्यांवर एकच चहाचे पाणी फिरवले होते. आणि ते डॉगवुड? ते कॉफी होते. नुसते तपकिरी नव्हे, गल्ल्यावर ठेवून गेलेल्या त्या तुकड्याचाच कॉफी. त्यांनी हात डावीकडे नेला. वांगी. पुन्हा उजवीकडे. कॉफी. असे किती वेळा झाले कोणी मोजले नाही. नात म्हणते, नानाजी झाडाशी लपाछपी खेळत होते.

मागे वळले तर भाभी डोळे मिटून बसलेल्या. घड्याळात सामायिकाची एकोणतीस मिनिटे उरली होती. ज्या माणसाने तीन वर्षे एक शब्द काढला नव्हता त्याला आता अर्धा तास धरवेना. ते बाकापर्यंत गेले, परत झाडापर्यंत आले, एक पडलेले पान उचलले, पुन्हा बाकाशी जाऊन उभे राहिले. भाभींनी सामायिक पाळले, मुहपत्ती सोडली, पदरावरची पाने एकेक करून बाजूला ठेवली आणि त्यांच्याकडे पाहिले.

“अगं, ती साडी वांगीच होती.”

कोणती साडी, असे भाभींनी विचारले नाही. भाऊंनी त्यांना झाडापाशी नेले, दोन डोळ्यांचा सगळा प्रकार सांगितला, आणि सांगता सांगता व्यापाऱ्याची जात जागी झाली. म्हणाले, “पण बघ, या डोळ्याला ते खरंच कॉफी दिसतं. म्हणजे मीही खोटं बोललो नव्हतो. बाईही खऱ्या, मीही खरा.”

“अनेकांत स्थानकात ठेवा,” भाभी म्हणाल्या. “त्यांना तुम्ही साडीचा रंग उतरला म्हणालात. भरल्या दुकानात. ते कोणत्या डोळ्यानं पाहिलं होतं?”

त्यावर भाऊंनी उत्तर दिले नाही. रानात फोन लागत नव्हता.

तिथून थोड्या अंतरावर, ब्लेअर्सटाउनजवळच्या टेकड्यांत, सिद्धाचलम् आहे. आचार्य सुशीलकुमारजींनी 1983 मध्ये स्थापलेले हे तीर्थ. शंभराहून अधिक एकरांचे रान, त्यात मंदिर, आणि सम्मेद शिखरजीची प्रतिकृती रचलेली टेकडी. स्थानकवासी साधू असून सुशीलमुनी 1975 मध्ये विमानाने परदेशी गेले, तेव्हा समाजात उठलेला वाद भाऊंना चांगला आठवतो. ते तेव्हा तेविशीचे होते आणि वादात मोठ्या आवाजाच्या बाजूने होते. आता त्या टेकडीवर पिवळ्या पानांचा सडा होता, आणि पायाखाली पाने येतील म्हणून भाभी, व त्यांच्यामागून नात, वाट पाहून पाय टाकत होत्या, कारण पानांखाली कोण दडले असेल सांगता येत नाही. तिथे फोनला आवाज आला. न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा, नगरला रात्रीचे नऊ. पुतण्या दुकानाचे शटर ओढत होता.

“तीन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईचं बिलबुक काढ,” भाऊ म्हणाले. “नारायणपेठीवाल्या बाई.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग पुतण्या म्हणाला, “काकाजी, क्रमांक माझ्याकडे आहे. मी तेव्हाच लिहून ठेवला होता.”

“तुला दिसलं होतं.”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

या प्रश्नाचे उत्तर दोघांनाही ठाऊक होते, आणि भाऊंनी ते त्याच्याकडून वदवून घेतले नाही. रंग मात्र फोनवरून सांगू दिला नाही. फोटो पाठवा, असे पुतण्या म्हणाला. मोबाइलच्या फोटोवर रंग विकत घेणाऱ्यांची गिऱ्हाइके परत येतात, हे भाऊंचे जुने मत. डॉगवुडचे ते पान त्यांनी गाडीच्या काचेमागे ठेवले होते. एडिसनला तीन दिवस ते तिथेच उन्हात राहिले, आणि निघायच्या आदल्या दिवशी भाऊंनी पाहिले तर वाळून गुंडाळले गेले होते. रंग कॉफी. उजव्या डोळ्यालाही.

नगरला वहीपूजन झाले, पाडव्याचा मुहूर्त झाला. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ पुन्हा फळ्यांसमोर उभे राहिले. त्यांनी डाव्या डोळ्यावर हात धरला आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. नोकर गप्प, पुतण्याही गप्प. शेवटी त्यांनी एक तागा सांगितला, तो ठेवायला लावला, शेजारचा मागितला. कापड फाडले. मग त्यांनी तो तुकडा पुतण्याच्या हातात दिला आणि दाराकडे मान केली. पुतण्या उन्हात गेला, परत आला. “बरोबर आहे,” म्हणाला.

शिक्षिकाबाईंचे घर सावेडीकडे. मुलगी लग्न होऊन गेलेली, बाई एकट्याच होत्या. त्यांनी भाऊंना ओळखले, आत बोलावले, पाणी दिले. भाऊंनी पाण्याला हात लावण्याआधी सांगून टाकले: चूक साडीची नव्हती, माझ्या डोळ्यांची होती, आणि डोळ्यांचीही म्हणवत नाही, कारण तुम्ही परत आलात तेव्हा मी तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू शकलो असतो. त्यांनी हात जोडले. त्या दिवशीचे पैसे आणि नवा तुकडा टेबलावर ठेवला.

बाई म्हणाल्या, ब्लाउज तेव्हाच दुसरीकडून जुळवून शिवला, लग्नही पार पडले; आता याची गरज नाही.

“गरजेसाठी आणलेला नाही,” भाऊ म्हणाले.

बाई थोडा वेळ बसून राहिल्या. मग आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि नारायणपेठी हातावर घेऊन त्या बाहेर आल्या. टेबलावरचा तुकडा त्यांनी उचलला, पण खोलीत पाहिला नाही. चपला पायात सरकवून त्या अंगणात गेल्या आणि साडीचा पदर व तो तुकडा शेजारी शेजारी धरून उन्हात उभ्या राहिल्या. भाऊ उंबऱ्याशीच थांबले.